थंड चहात साखर कमी करायची, तर आधी त्याचा कडूपणा कमी करा

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या उन्हाळ्यात घरी रोज एक लिटर गोड आइस टी होतो आणि त्यात साखर पडते वीस चमचे. ती निम्मी केली की चहा कडू-तुरट लागतो. स्टीव्हिया (एका वनस्पतीच्या पानांपासूनचा बिनसाखरेचा गोडवा) घातलं तर वेगळीच चव जिभेवर रेंगाळते. वर फ्रिजमध्ये ठेवला की चहा गढूळ होतो. मग घरच्यांना आवडेल असा कमी साखरेचा चहा करायचा कसा?

वीस चमचे म्हणजे सुमारे ८० ग्रॅम, म्हणजे २५० मिलीच्या ग्लासात २० ग्रॅम. मोठ्या माणसानं दिवसभरात वरून घेतलेली साखर ५० ग्रॅमच्या आत आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका ग्लासातच जवळजवळ तेवढी जाते, आणि सकाळच्या पोहे-जिलबीचा हिशोब अजून धरलेलाच नाही. चहा नीट काढला तर ग्लासाला ६ ते ८ ग्रॅम साखर पुरते. ही साखर सहा ग्रॅमवर कशी येते ते सविस्तर सांगतो, कारण नुसतं ‘हळूहळू कमी करा’ म्हणून हे जमत नाही.

वीसपैकी बरीचशी साखर चहा गोड करण्यासाठी नसतेच. ती चहाचा कडूपणा आणि तुरटपणा झाकण्यात खर्च होते. म्हणून साखरेला हात लावण्याआधी चहा काढण्याची पद्धत बदलायची.

आपल्या घरात चहा म्हणजे सीटीसी, म्हणजेच गोळीदार पावडर. १९३० च्या सुमारास आसामात निघालेल्या या पद्धतीत पान चिरडतात, फाडतात आणि त्याच्या गोळ्या वळतात. असा चहा भराभर आणि कडक उतरतो. दुधाच्या चहासाठी ते योग्यच आहे, कारण दुधातली प्रथिनं चहातल्या टॅनिनला, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या द्रव्याला, धरून ठेवतात आणि तुरटपणा दबतो. थंड चहात दूध नसतं. त्यात आपण सवयीनं पावडर पाण्याबरोबर खळाखळा उकळतो, गाळणीत चमच्यानं दाबून पिळतो, आणि ते सगळं टॅनिन उघडं पडतं. वीस चमचे साखर लागते ती इथे.

तेव्हा जमलं तर पान बदला. थंड चहासाठी ऑर्थोडॉक्स, म्हणजे वळलेल्या अख्ख्या किंवा मोठ्या तुकड्यांच्या पानाचा चहा घ्या. त्यातही निलगिरीचा पहिल्या पसंतीचा: त्याला फुलांसारखा वास असतो, तुरटपणा बेताचा असतो आणि थंड झाल्यावर तो आसामच्या चहापेक्षा पुष्कळ स्वच्छ राहतो. सियागंजात किंवा राजवाड्याच्या बाजूला सुटा चहा घेताना ‘दूध न घालता प्यायचा, मोठ्या पानाचा’ असं स्पष्ट सांगा; नाहीतर दुकानदार हमखास कडक दाणेदार पावडर देतो. दार्जिलिंग छान लागतो, पण रोजच्या चहाला महाग पडतो. आसामचा ऑर्थोडॉक्स रंगाला सुरेख, फक्त फ्रिजमध्ये लवकर गढूळतो.

माप वजनानं घ्या. सीटीसीचा एक सपाट चमचा अडीच-तीन ग्रॅम भरतो, तर मोठ्या पानाचा तेवढाच चमचा जेमतेम दीड-दोन ग्रॅम. चमच्याच्या भरवशावर राहिलात तर एक दिवस काढा होतो आणि दुसऱ्या दिवशी पाणी. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा इथे फार उपयोगी पडतो.

आता गरम पद्धत, एक लिटरसाठी. ऑर्थोडॉक्स पान १० ग्रॅम. ग्लासात भरपूर बर्फ घालणार असाल तर १२. अर्धा लिटर पाण्याला उकळी आणा, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग पान घाला आणि झाकण ठेवा. घड्याळ लावून चार मिनिटं. पाचव्या मिनिटापासून रंगात फारशी भर पडत नाही, तुरटपणात मात्र पडत राहते. चार मिनिटांनी लगेच गाळा. गाळणीतलं पान दाबू नका, पिळू नका. आपोआप ठिबकेल तेवढंच घ्या. दाबल्यानं जे शेवटचे दोन घोट मिळतात त्यातच सगळ्यात जास्त तुरटपणा आणि बारीक चुरा असतो. त्यावर अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी ओता. चहा फिका वाटला तर पुढच्या वेळी पान दोन ग्रॅमनं वाढवा, वेळ वाढवू नका. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

घरात सीटीसीच असेल तर अडत नाही. लिटरला ६ ते ७ ग्रॅम पावडर, पाणी उकळून गॅस बंद केल्यावर दोन मिनिटं थांबून घाला आणि अडीच मिनिटांत गाळा. पावडर पाण्यात असताना उकळी नको. गाळणीवर मलमलचा तुकडा ठेवा, नाहीतर तळाशी चुरा बसतो आणि जग फ्रिजमध्ये असतानाही त्यातून कडूपणा उतरत राहतो.

कमी साखरेसाठी सर्वांत चांगली पद्धत मात्र गारच. टॅनिन आणि कॅफिन गार पाण्यात सावकाश आणि कमी उतरतात, सुगंध आणि पानातला अंगचा गोडसरपणा बऱ्यापैकी येतो. एक लिटर गार पाण्यात १२ ग्रॅम पान, झाकणाची काचेची बाटली, फ्रिजमध्ये आठ तास. रात्री जेवणानंतर भिजवलं की सकाळी गाळता येतं. सीटीसी असेल तर ८ ग्रॅम आणि तीन-चार तास पुरे. रात्रभर ठेवली तर गार पाण्यातही ती कडू उतरते. हिरव्या चहाला सहा तास. अशा चहाला गरम पद्धतीच्या चहापेक्षा साखर नक्की कमी लागते, आणि ज्यांना दोन महिन्यांत साखर अगदी बंद करायची आहे त्यांनी यानंच सुरुवात करावी. एक अट कडक पाळा: पाणी आधी उकळून गार केलेलं किंवा खात्रीच्या फिल्टरचं हवं, कारण या पद्धतीत पुढे कुठेच उष्णता लागत नाही.

गच्चीवर उन्हात बरणी ठेवून केलेल्या चहाचे व्हिडिओ फिरत असतात. ते करू नका. वैशाखातल्या उन्हातही बरणीतलं पाणी जंतू मरतील इतकं तापत नाही, त्यांच्या वाढीला सोयीचं तेवढं मात्र होतं.

पाण्याविषयी. जलूदहून येणारं नर्मदेचं नळाचं पाणी आणि कॉलनीच्या बोअरचं पाणी यांत चहा सारखा उतरत नाही. बोअरच्या जड पाण्यात रंग काळपट-मळकट येतो, वर पातळ साय धरते आणि वास दबतो. असं पाणी पाच-सात मिनिटं उकळा, गार होऊ द्या, तळाशी पांढरा साका बसला की वरचं अलगद ओतून घ्या. सगळा जडपणा यानं जात नाही, पण उकळल्यानं जाणारा तेवढा जातो आणि फरक जाणवतो. आरओच्या पाण्यात उलट चहा जास्त कडक उतरतो. त्यात अर्धा मिनिट कमी ठेवा, किंवा अर्धं आरओ, अर्धं उकळलेलं नर्मदेचं घ्या. भांडं स्टीलचं किंवा काचेचं. लोखंडाच्या भांड्यात टॅनिन आणि लोह मिळून चहा काळा पडतो. लिंबू घालणार असाल तर ॲल्युमिनियमही नको.

गढूळपणा म्हणजे चहा नासणं नव्हे. गार होताना कॅफिन आणि चहातली रंगद्रव्यं एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे बारीक कण तरंगतात. चहा जितका कडक, पाणी जितकं जड आणि थंडावा जितका झटक्यात, तितका गढूळपणा जास्त. म्हणून गरम चहा थेट फ्रिजमध्ये ठेवू नका. गार पाणी मिसळून झाकून ओट्यावर तासभर राहू द्या, मग आत ठेवा. झालाच गढूळ तर थोडं उकळतं पाणी घाला, बऱ्याचदा लगेच निवळतो. हीच ओळखायची खूणही आहे: तापवल्यावर निवळला तर चहा चांगला, तापवूनही गढूळच राहिला, आंबूस वास आला किंवा ओतताना तार धरली तर फेकून द्या. गार पद्धतीच्या चहात हा त्रास फार कमी होतो.

आता साखर. जगात, म्हणजे चहाच्या भांड्यात, कोरडी साखर घालणं थांबवा. गार चहात ती विरघळायला फार वेळ घेते आणि तळाशी बसते. पहिला घोट अगोड लागतो म्हणून माणूस आणखी चमचाभर टाकतो, आणि शेवटचा घोट गोडमिट्ट होतो. त्याऐवजी साधं साखरपाणी करून ठेवा: २०० ग्रॅम साखर, २०० मिली पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं. तार येऊ द्यायची नाही. हे सुमारे ३२५ मिली भरतं आणि त्याच्या ५ मिलीत ३ ग्रॅम साखर असते. स्वच्छ कोरड्या बाटलीत, फ्रिजमध्ये तीन आठवडे टिकतं. मापाला औषधाच्या बाटलीचं खुणा असलेलं झाकण वापरा, घरातले चमचे एकसारखे नसतात.

जगातला चहा अगोडच ठेवा आणि साखरपाणी ज्याच्या त्याच्या ग्लासात घाला. आजोबांना १५ मिली, मुलीला १०, तुम्हाला ५, असं सगळ्यांचं एकाच जगात भागतं. जग गोड केला की तो घरातल्या सर्वांत गोडखाऊ माणसाच्या जिभेप्रमाणे होतो, हे कुठल्याही घरात पाहा.

गोडी नेहमी थंड चहातच चाखा. साखरेची गोडी थंडीत जिभेला कमी जाणवते. गरम असताना बरोबर वाटलेला चहा थंड झाल्यावर अगोड लागतो, आणि गरम असताना अंदाजानं ‘थोडी जास्तच’ घातली की तीच सवय होते. याचं एक उपयोगी अंगही आहे: बर्फ खच्चून भरण्यापेक्षा चहा फ्रिजमध्ये नीट गार करून वर दोनच तुकडे टाकले तर चहा थोडा कमी थंड राहतो आणि त्याच साखरेत जास्त गोड लागतो.

बर्फाचा हिशोबही इथेच करतो, कारण ‘साखर कमी केली तर पाणचट लागतो’ ही तक्रार खरं म्हणजे बर्फाची असते. एक ग्रॅम बर्फ वितळताना साधारण ८० कॅलरी उष्णता घेतो (या भौतिकशास्त्रातल्या लहान कॅलरी, आहारातल्या नव्हेत). २०० मिली चहा ९० अंशांवर असताना बर्फावर ओतला तर तो गार व्हायला जवळजवळ २०० ग्रॅम बर्फ वितळतो, म्हणजे चहा निम्म्यानं पातळ होतो. मे महिन्यातला ओट्यावरचा ३५ अंशांचा चहा ओतला तर ७० ग्रॅमच्या आसपास. फ्रिजमधला ओतला तर नाममात्र. लगेच प्यायचा असेल तर चहा दुप्पट कडक काढा: २०० मिली पाण्यात ४ ग्रॅम पान, चार मिनिटं, गाळून थेट २०० ग्रॅम बर्फावर. नाहीतर उरलेल्या चहाचेच बर्फाचे तुकडे करून ठेवा.

लिंबू हा साखरेचा छुपा भागीदार आहे. आंबटपणा वाढला की साखर वाढवावी लागते, आणि आपण एका ग्लासात अर्धं लिंबू पिळतो. लिंबात आपल्याला हवा असतो तो मुख्यतः वास, आणि तो सालीत असतो. सालीची फक्त पिवळी पातळ पट्टी सोला, खालचा पांढरा भाग कडू असतो. लिटरला एका लिंबाची साल गाळलेल्या गरम चहात दहा मिनिटं ठेवून काढा आणि रस ग्लासाला अर्ध्या चमच्याच्या वर घालू नका. याहून सोपा उपाय बहुतेक मराठी घरांच्या कुंडीत असतोच: गवती चहा. त्याच्या पातीत लिंबाच्या सालीत असतं तेच सुगंधी द्रव्य असतं, आंबटपणा मात्र नसतो. दोन-तीन पाती कात्रीनं कापून उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, मग गॅस बंद करून चहाचं पान घाला. कमी साखरेच्या थंड चहात एकच गोष्ट वाढवायची असेल तर ही वाढवा.

दुसरी बडीशेप. तिचं तेल जिभेला खरोखर गोड लागतं. लिटरला एक सपाट चमचा, जरा ठेचून, चहाच्या पानाबरोबरच घाला आणि बरोबरच गाळा. दोन चमचे झाली तर मुखवासाची चव येते. दोन वेलदोडे किंवा पाव चमचा व्हॅनिलाही चालतं. जे वास आपण गोड पदार्थांशी जोडलेले आहेत ते आले की तेवढीच साखर जास्त वाटते. पुदिना ताजेपणा देतो, गोडी नाही. ज्येष्ठमधाची बोटभर काडी भरपूर गोडवा देते, पण रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी ती टाळावी, आणि रोज कुणीच घेऊ नये.

मीठ चिमटीभर, तेही दोन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढंच, अख्ख्या लिटरला. मीठ कडूपणा दाबतं. खारट लागलं तर जास्त झालं. खाण्याच्या सोड्याची तशीच बारीक चिमूट तुरटपणा कमी करते आणि रंग गडद करते. मात्र लिंबू घालणार असाल तर सोडा नको, दोघं एकमेकांना मारतात. रंग पाहूनही हे कळतं: लिंबानं चहा उजळतो, सोड्यानं काळवंडतो.

गूळ, खडीसाखर आणि मध यांबद्दल गैरसमज बराच आहे. खडीसाखर ही साखरच. गूळही बहुतांशी साखरच, शिवाय थंड चहात तो खारवट आणि गढूळ लागतो. दुधाच्या चहात शोभतो, इथे नाही. मधात सुमारे ८० टक्के साखर असते, पण तिच्यात फ्रुक्टोजचा वाटा मोठा असतो आणि फ्रुक्टोज थंडीत जास्त गोड लागतं, त्यामुळे थंड चहात मध थोडा कमी पुरतो. तो गार चहात गोळा होऊन बसतो. तेवढ्याच कोमट पाण्यात आधी पातळ करून घाला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कुठल्याच रूपात द्यायचा नाही.

फळ घालायचं तर त्याचीही साखर मोजा. लिटरला १५० मिली संत्र्याचा रस म्हणजे १२-१३ ग्रॅम साखर, तितकं साखरपाणी कमी करा. संत्री, पिकलेला आंबा, कलिंगड चालेल. कैरी, फालसा, कोकम यांना साखर जास्तच लागते, त्यांचं सरबत वेगळं करावं.

स्टीव्हियाची ती रेंगाळणारी चव सगळी गोडी त्यातूनच आणायला गेलं की येते. अर्धी गोडी साखरेची, अर्धी स्टीव्हियाची ठेवली तर ती बरीच लपते: ग्लासाला ५ मिली साखरपाणी आणि एक चमचा साखरेइतकी म्हणून मिळणारी स्टीव्हियाची गोळी अर्धी. बडीशेपेबरोबर ती चव आणखी दबते. ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याची गोळी उकळत्या चहात टाकू नका, उष्णतेनं तिची गोडी जाते. वजन कमी करण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं आहे; ती सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही. मधुमेही माणसाच्या ग्लासात काय घालायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. बाजारातली आइस टीची पावडर घेण्याआधी पाकिटाच्या मागची यादी वाचा. पहिलं नाव साखरेचं असेल तर ते चहाच्या वासाचं साखरेचं पाकीट आहे.

उतरवण्याचा क्रम असा ठेवा. आधी साखरेला हात न लावता आठवडाभर फक्त चहा काढण्याची पद्धत बदला. घरचेच म्हणतील, गोड जास्त झालाय. मग ग्लासाला ३० मिली साखरपाण्यापासून (१८ ग्रॅम साखर) सुरू करून दर आठवड्याला ५ मिली कमी करा. चौथ्या आठवड्यानंतर १० मिलीवर, म्हणजे ६ ग्रॅमवर याल. एकदम निम्म्यावर उडी मारली तर जीभ बंड करते आणि जग परत जुन्या मापावर जातो. मध्येच सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतली घट्ट दुधाची शिकंजी किंवा रबडी झाली, तर दुसऱ्या दिवशी चहा अगोड वाटेल; माप वाढवू नका, दोन दिवसांत जीभ जागेवर येते.

चहा फ्रिजमध्ये झाकून तीन दिवस, त्याहून जास्त नाही. उघडा जग कांदा-लसणाचा वास लगेच धरतो. साखर घातलेला चहा उन्हाळ्यात ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. जेवणाबरोबर पिऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा, कारण चहा अन्नातलं लोह पुरतं अंगी लागू देत नाही. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी हे नक्की पाळावं. लहान मुलांना संध्याकाळनंतर देऊ नका, गार चहातही कॅफिन असतंच.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पंचवीस जणींसाठी करायचा असेल तर ग्लास १५० मिलीचा धरा, म्हणजे चार लिटर. दोन लिटर पाण्यात ४५ ग्रॅम ऑर्थोडॉक्स पान, दहा-बारा पाती गवती चहा आणि तीन चमचे बडीशेप, वेळ तीच चार मिनिटं. बडीशेप चौपट करायची नाही. मोठ्या भांड्यातलं पाणी लवकर निवत नाही, त्यामुळे वास जास्त उतरतो. दोन पातेल्यांत अर्धं-अर्धं केलं तर गाळायला वेळ लागून चहा कडू होणार नाही. गाळून दोन लिटर गार पाणी घाला, तासाभरानं फ्रिजमध्ये ठेवा. इथे प्रत्येकीचं माप विचारत बसता येत नाही, म्हणून वाढायच्या आधी २०० मिली साखरपाणी जगातच मिसळा. एका ग्लासात साडेचार ग्रॅमच्या आसपास साखर येते. पन्हं आणि आंब्याची डाळ शेजारी असतेच. ज्यांना आणखी गोड हवं असेल त्यांच्यासाठी साखरपाण्याची छोटी बाटली ट्रेमध्ये ठेवा, आणि बर्फ जगात न टाकता वेगळ्या भांड्यात चिमट्यासह द्या.